डागडुजीचा हिशेब कोणाच्या वहीत?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी ‘विंडोज १०’ या संगणक प्रणालीला तिच्या निर्मात्या कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्यांचा नियमित विनामूल्य पुरवठा बंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रणाली असलेले संगणक नेहमीप्रमाणेच सुरू झाले. शाळांच्या कार्यालयांत दाखले छापले गेले, पतसंस्थांत पासबुके भरली गेली, दवाखान्यांत केसपेपर निघाले. कोठेही काही घडले नाही. आणि काहीही न घडणे हीच या विषयातील खरी अडचण होय. छप्पर शाकारले नाही तर ते पहिल्याच पावसात कोसळते असे नाही. एखादा पावसाळा कोरडाही जातो. मग शाकारणीचे पैसे वाचवणारा शहाणा ठरतो आणि शाकारून घेणारा उधळा.

संगणक बदलावेत की आहेत तेच चालवावेत, आलेली प्रत्येक दुरुस्ती ताबडतोब बसवावी की थांबावे, हा प्रश्न आता केवळ मोठ्या कारखान्यांपुरता राहिलेला नाही. तो तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाच्या कचेरीपर्यंत येऊन पोचला आहे. त्यावर दोन ठराविक उत्तरे ऐकू येतात. ‘चालते आहे ते कशाला हलवायचे?’ हे पहिले. ते अनुभवी कारकुनाचे उत्तर आहे आणि त्यामागे वर्षानुवर्षांचा शहाणपणा आहे. ‘जे नवे येईल ते त्याच दिवशी बसवा’ हे दुसरे. ते तज्ज्ञांचे, आणि अर्थातच विक्रेत्यांचेही. दोन्ही उत्तरे ऐकायला ठाम वाटतात; पण हिशेब करण्याचे कष्ट दोन्ही टाळतात. कारण धोका दोन्ही बाजूंना आहे आणि खर्चही दोन्ही बाजूंना आहे. कोणता धोका पत्करावयाचा, त्यासाठी किती खर्च करावयाचा आणि तो निर्णय कोणी घ्यावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

ठिगळ आणि भोक

सॉफ्टवेअरमधील दुरुस्तीला संगणकाच्या व्यवहारात ‘पॅच’ म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. परंतु कापडाचे ठिगळ आणि हे ठिगळ यांत एक मोठा फरक आहे. एकाने आपल्या धोतराला ठिगळ लावले म्हणून गावातील इतरांच्या फाटक्या धोतरांचा कोणाला सुगावा लागत नाही. सॉफ्टवेअरचे ठिगळ प्रसिद्ध झाले, की भोक नेमके कोठे होते हे सगळ्या जगाला कळते. जुनी प्रणाली व दुरुस्त प्रणाली शेजारी ठेवून पाहिली, की जाणकार चोराला खिडकी सापडते. म्हणून दुरुस्ती प्रसिद्ध झाल्याच्या क्षणापासून ती न बसवणाऱ्याचा धोका पूर्वीइतकाच राहत नाही, तो वाढतो.

२०१७ साली याचा धडा ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेने घेतला. विंडोजमधील एका गंभीर दोषावरची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध झाली होती. एप्रिलच्या मध्यास, त्याच दोषाचा फायदा घेणारे, अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेकडून फुटलेले साधन उघड्यावर आले. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला आणि सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याने कुलूपबंद केले. दुरुस्ती आणि हल्ला यांत ५९ दिवसांचे अंतर होते. इंग्लंडमधील २३६ आरोग्य न्यासांपैकी किमान ८१ न्यासांच्या कामाला झळ पोचली. रुग्णांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया मिळून सुमारे १९ हजार रद्द कराव्या लागल्या असा अंदाज तेथील लेखापरीक्षकांनी दिला, तर एकूण तोटा ९ कोटी २० लाख पौंड असल्याचे तेथील आरोग्य खात्याने नंतर सांगितले.

यातील एक तपशील विशेष विचार करण्यासारखा आहे. बाधित संगणकांपैकी बहुसंख्य संगणक फार जुनाट नव्हते. त्या वेळी चालू असलेल्या ‘विंडोज ७’ प्रणालीचे ते होते आणि त्यांच्यासाठीचे ठिगळ फुकट उपलब्ध होते. बसवण्याच्या सूचनाही मार्च-एप्रिलमध्ये निघाल्या होत्या. मग ते बसले का नाही? कारण ठिगळाची किंमत म्हणजे केवळ त्याचे मूल्य नव्हे. रुग्णालयाचा संगणक बंद ठेवावा लागतो, तो सुरू झाल्यावर त्याला जोडलेले तपासणी-यंत्र पूर्वीसारखे चालते की नाही हे पाहावे लागते आणि त्यासाठी माणूस व वेळ काढावा लागतो. वस्तू फुकट असली तरी ती बसवण्याचे श्रम फुकट नसतात. दुरुस्ती रखडवणाऱ्यांना केवळ आळशी ठरवणे म्हणूनच अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढचा खर्च खरा होता. मात्र त्याच्याशी तुलना करावयाचा धोका कोणीही मांडून ठेवला नव्हता.

रोगापेक्षा औषध

दुसऱ्या बाजूचा धोका तितकाच खरा आहे. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा-कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संगणकांकडे एक छोटी सुधारित फाइल धाडली. भारतीय वेळेनुसार सकाळचे पावणेदहा होत आले होते. त्या फाइलमधील दोषामुळे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. चूक लक्षात येऊन फाइल मागे घेण्यास ७८ मिनिटे लागली. पण तोवर बंद पडलेली बरीचशी यंत्रे माणसाने प्रत्यक्ष जवळ जाऊन एकेक करून सुरू करावी लागली. जगभर हजारो विमानफेऱ्या रद्द झाल्या, रुग्णालयांची कामे अडली. भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले प्रवेश-पास प्रवाशांना देण्यात आले. हल्ला कोणी केला नव्हता. रक्षणासाठी नेमलेल्या पहारेकऱ्याच्याच हातून दार अडकले होते.

याहून विदारक उदाहरण २७ जून २०१७ चे आहे. युक्रेनमध्ये कर-हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतच हल्लेखोरांनी आपले विष मिसळले. ज्यांनी ती आवृत्ती आज्ञाधारकपणे बसवली त्यांच्याच संगणकांतून ‘नॉटपेट्या’चा फैलाव सुरू झाला. ‘मर्स्क’ या जहाज-कंपनीचा तोटा २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेला आणि तिच्या समूहाकडे असलेल्या, रायगड जिल्ह्यातील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. युक्रेनमधल्या हिशेबनिसाने बसवलेल्या ठिगळामुळे न्हावा-शेव्यातील कंटेनर खोळंबावेत, इतके हे जग आता एकमेकांत गुंतलेले आहे.

तेव्हा ‘ताबडतोब बसवा’ हा सल्लाही निरपवाद नाही. पहिल्या प्रकरणात थांबणारे बुडाले, दुसऱ्या व तिसऱ्या प्रकरणांत न थांबणारे. मात्र या दोन अनुभवांची बरोबरी करून ‘काहीही केले तरी सारखेच’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. सदोष दुरुस्तीचा धोका बहुधा लगेच दिसून येतो आणि थोडी वाट पाहून, आधी मोजक्या यंत्रांवर प्रयोग करून तो कमी करता येतो. दुरुस्ती न करण्याचा धोका मात्र दिसत नाही आणि दिवसागणिक साचत जातो. पहिल्या धोक्यावर उतारा आहे तो काही दिवसांच्या सावधगिरीचा. त्या दिवसांचे महिने आणि महिन्यांची वर्षे झाली, की सावधगिरीचे नाव तेवढे उरते आणि आत चालढकल असते.

विमानांनी शिकवलेला धडा

देखभाल स्वतःच बिघाडाचे कारण होऊ शकते, हे ज्ञान संगणकाने दिलेले नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडकडील, पाणबुड्यांचा शोध घेणाऱ्या विमानांच्या नोंदी तपासताना सी. एच. वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञाला व त्याच्या सहकाऱ्यांना एक विचित्र गोष्ट आढळली. ठराविक तासांनंतरची तपासणी झाली, की लगेचच बिघाडांचे प्रमाण वाढत असे आणि नंतर ते हळूहळू खाली येत असे. चांगले चालणारे यंत्र उघडले, की काही तरी सैल राहते, काही तरी उलटे बसते. म्हणजे तपासणीचा मोबदला मिळण्याऐवजी तिची किंमतच मोजावी लागत होती.

पुढे अमेरिकेत स्टॅन्ली नोलन व हॉवर्ड हीप या युनायटेड एअरलाइन्समधील दोघा अभियंत्यांनी १९७८ साली तेथील संरक्षण खात्यासाठी लिहिलेल्या अहवालाने हा विचार शास्त्राच्या पायरीवर नेला. यंत्राचा प्रत्येक भाग वयानुसार झिजतो आणि म्हणून ठराविक काळाने तो बदलावा, ही समजूत त्यांनी तपासून पाहिली. विमानांच्या ज्या भागांचा अभ्यास झाला त्यांपैकी सुमारे ११ टक्के भागांनाच वयोमर्यादा ठरवण्याचा उपयोग होता. उरलेल्या ८९ टक्क्यांच्या बाबतीत ठराविक मुदतीची उलथापालथ व्यर्थ होती आणि त्यांतील बहुतेक भाग नवे असतानाच अधिक बिघडत होते. ‘डीसी-८’ विमानाच्या आरंभीच्या देखभाल-योजनेत ३३९ भागांची नियतकालिक संपूर्ण उघडझाप होती. पुढच्या पिढीतील ‘डीसी-१०’च्या योजनेत असे भाग केवळ ७ उरले. खर्च प्रचंड उतरला आणि सुरक्षितता उतरली नाही.

परंतु कमी देखभाल म्हणजे स्वस्त देखभाल असा अर्थ कोणी काढू नये, यासाठी त्याच ‘डीसी-१०’चा दुसरा दाखला पुरेसा आहे. २५ मे १९७९ रोजी शिकागोहून उड्डाण करताना अमेरिकन एअरलाइन्सच्या अशा एका विमानाचे डावे इंजिन निखळून पडले. विमानातील सर्व २७१ आणि जमिनीवरील २ असे २७३ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत असे निघाले, की इंजिन व त्याचा आधारस्तंभ वेगवेगळे उतरवावेत ही निर्मात्याची पद्धत सोडून ते दोन्ही एकत्रच, माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टच्या साहाय्याने, उतरवले जात होते. त्यामुळे प्रत्येक विमानामागे सुमारे २०० मनुष्यतास वाचत. या घाईत पंखाला जोडणाऱ्या भागाला तडा गेला होता. दोन्ही ठिकाणी श्रम वाचवलेले आहेत. नोलन आणि हीप यांनी ते नोंदींचा अभ्यास करून वाचवले. शिकागोच्या विमानाच्या बाबतीत ते एका आडवाटेने वाचवले गेले आणि त्या वाटेचा धोका कोणी मोजला नव्हता. काटकसर आणि कद्रूपणा यांतील सीमारेषा येथे आहे.

पाहणीचा कागद आणि पुलाचा दगड

हा विचार महाराष्ट्राला परका वाटण्याचे कारण नाही. विमानाच्या इंजिनाच्या जागी रस्त्यावरचा पूल ठेवला, की चित्र ओळखीचे होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि एस. टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी होऊन तो सुरक्षित ठरला होता, असे त्या वेळी सरकारतर्फे सांगण्यात आले. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल सायंकाळच्या गर्दीत कोसळला. त्याचीही संरचनात्मक तपासणी झालेली होती आणि किरकोळ दुरुस्ती पुरेशी आहे असा निर्वाळा तिने दिला होता. पाहणी आणि देखभाल या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पाहणीचा कागद फाइलमध्ये राहतो. पूल नदीत उभा असतो.

गुजरातमधील मोरबीचे प्रकरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. तेथील झुलता पूल दुरुस्तीसाठी काही महिने बंद ठेवून २६ ऑक्टोबर २०२२ रोजी पुन्हा खुला करण्यात आला आणि चौथ्या दिवशी, ३० ऑक्टोबरला, तो तुटून १३५ माणसे दगावली. विशेष तपास पथकाला असे आढळले, की एका मुख्य दोरखंडातील ४९ तारांपैकी २२ तारा दुर्घटनेपूर्वीच गंजून तुटलेल्या असाव्यात. लाकडी फळ्यांच्या जागी बसवलेल्या धातूच्या नव्या तक्तपोशीने पुलाचे वजन वाढले होते. म्हणजे जेथे नजर जाते तेथे नवेपणा आला आणि जेथे भार पेलला जातो तेथे गंज राहिला. कोणताही संगणक-अभियंता हे वर्णन ऐकून मान डोलावील. पडद्यावरचे चित्र पालटायचे आणि आतल्या जुनाट भागाला हात लावायचा नाही, हा त्याच्याही परिचयाचा प्रकार आहे.

सावित्रीवरील नवा पूल मात्र १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. हा पराक्रम अभिनंदनीय होता, यात शंका नाही. परंतु त्यातून एक अस्वस्थ करणारी गोष्टही सिद्ध होते. पैसा होता, यंत्रसामग्री होती, कौशल्य होते. त्यांना जाग येण्यासाठी आधी पूल वाहून जावा लागला. आपल्याकडे वरातीमागून निघालेले घोडेच सर्वांत जोरात धावते.

लाभ एकाचा, जोखीम दुसऱ्याची

असे का होते, याचे उत्तर माणसांच्या स्वभावात शोधण्याची प्रथा आहे. ते जमाखर्चाच्या रीतीत शोधणे अधिक फलदायी ठरेल. समजा, एखाद्या संस्थेच्या कार्यालयातील जुनी संगणक-यंत्रणा बदलण्यास २० लाख रुपये लागतात आणि नवी यंत्रणा ५ वर्षे टिकते. वर्षाला खर्च झाला ४ लाख. समजा, जुन्या यंत्रणेत मोठा घोटाळा होण्याचा संभव वर्षाला शंभरात ५ आहे आणि नवीत तो १ वर येतो. घोटाळा झाल्यास संस्थेला स्वतःला ३० लाखांची झीज बसेल. संभव शंभरात ४ ने कमी झाला, म्हणजे संस्थेचा सरासरी फायदा वर्षाला १ लाख २० हजारांचा. त्यासाठी ४ लाख का खर्चावेत? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे म्हणून हिशेबनीस कागद परत करील, आणि त्याच्या वहीपुरता तो बरोबरच असेल.

आता त्याच घोटाळ्यात गुणपत्रिका वेळेवर न मिळाल्यामुळे ज्यांचे प्रवेश हुकतील, ज्यांची खासगी माहिती चोरांच्या हाती पडेल, ज्यांचे निवृत्तिवेतन अडकेल, त्यांचे नुकसान त्यात मिळवा. समजा, एकूण नुकसान दीड कोटीचे झाले. त्याच ४ टक्क्यांचे आता ६ लाख होतात आणि ४ लाखांचा खर्च स्वस्त ठरतो. आकडे कल्पित आहेत, पण त्यांतून निघणारे तत्त्व कल्पित नाही. यंत्र तेच, धोका तोच, खर्च तोच. नुकसान कोणाकोणाचे धरले एवढ्यावर निर्णय उलटला. देखभाल टाळण्याचा लाभ ज्याच्या पदरात पडतो तो एक असतो आणि टाळल्याची जोखीम ज्याच्या डोक्यावर राहते तो दुसरा. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. साध्या भाषेत सांगायचे तर हे दुसऱ्याच्या नावावर, त्याला न विचारता काढलेले कर्ज होय.

शासकीय हिशेबाची पद्धत या कर्जाला आणखी आडोसा देते. केंद्र व राज्य शासनांचे हिशेब प्रामुख्याने रोख जमाखर्चाच्या पद्धतीने ठेवले जातात. व्यापारी कंपनीला आपल्या यंत्राचा घसारा दरवर्षी दाखवावा लागतो. शासनाच्या वहीत पुलाचा, जलवाहिनीचा किंवा संगणकाचा घसारा दिसत नाही. डागडुजी केली तर खर्च दिसतो, न केली तर शिल्लक दिसते. झीज कोठेच दिसत नाही. त्यातून नवी इमारत भांडवली खर्चात मोडते, तिची कोनशिला बसते, उद्घाटनाचे छायाचित्र छापून येते. छत गळू नये म्हणून केलेला खर्च महसुली असतो आणि न गळणाऱ्या छताचे छायाचित्र कोणी काढीत नाही. काटकसरीचा आदेश निघाला, की पहिली कात्री याच बाबीला लागते, कारण तिच्यामुळे त्या वर्षी कोणीच ओरडत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. साधने मर्यादित आहेत, प्रत्येक धोका शून्यावर आणावयाचा म्हटले तर शाळेला फळे आणि खडू घेण्यासही पैसा उरणार नाही. हा आक्षेप रास्त आहे. धोका शून्यावर आणण्याचे ध्येय अर्थशास्त्राला मान्य नाही आणि नोलन-हीप यांचा अहवालही तेच सांगतो. निरुपयोगी देखभाल ही उधळपट्टीच असते. काही यंत्रे बिघडेपर्यंत चालवावीत आणि मग बदलावीत, हाही शहाणा निर्णय असू शकतो. वर्गातील पंख्यासाठी तो योग्य आहे, उद्वाहकाच्या दोरासाठी नाही. ग्रंथालयातील एकाकी, कोणत्याही जाळ्याला न जोडलेल्या संगणकावर जुनी प्रणाली राहिली तर फारसे बिघडत नाही. विद्यार्थ्यांच्या फीचा व्यवहार करणाऱ्या संगणकावर ती राहता कामा नये. जे नुकसान भरून काढता येते तेथे सरासरीचा हिशेब पुरतो. जे नुकसान भरून येत नाही, तेथे सरासरीच्या आधारावर झोपी जाणे हा जुगार आहे, आणि तोही परक्याच्या पैशाने खेळलेला.

रविवारचा मेगा ब्लॉक

मग समतोल साधायचा कसा? त्याचा एक नमुना मुंबईकराच्या रोजच्या परिचयाचा आहे आणि त्याबद्दल तो दर आठवड्याला कुरकुरतो. उपनगरी रेल्वेचा रविवारचा मेगा ब्लॉक. रूळ, सिग्नल आणि वरच्या विद्युत-तारा यांच्या कामासाठी काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या असतात. कोणत्या मार्गावर, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे आदल्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून येते. गैरसोय होते, परंतु ती आधी जाहीर झालेली, कमी गर्दीच्या दिवशी घेतलेली आणि सर्वांनी थोडी थोडी वाटून घेतलेली गैरसोय असते. सोमवारी सकाळी साडेनऊला तुटलेल्या तारेमुळे होणाऱ्या गैरसोयीशी तिची तुलना केली, की तिची किंमत कळते. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी पाणी बंद ठेवले जाते, तेव्हा गृहिणी बुधवारीच पिंप भरून ठेवते. संगणकाच्या दुरुस्तीसाठी असा एक ठरलेला, जाहीर केलेला अर्धा दिवस महिन्यातून प्रत्येक कार्यालयाला का असू नये? परीक्षेच्या आणि प्रवेशाच्या दिवसांत तो नसावा, एवढे पथ्य पुरेसे आहे.

दुसरा नमुना रिझर्व्ह बँकेचा आहे. ‘विंडोज एक्सपी’ला मिळणारा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी थांबला, तरी त्यावर चालणारी एटीएम यंत्रे पुढे कित्येक वर्षे देशभर होती. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने कालबाह्य प्रणालीच्या यंत्रांबाबत बँकांना वेळापत्रक घालून दिले. त्या वर्षाच्या सप्टेंबरअखेर किमान चतुर्थांश यंत्रे, डिसेंबरअखेर निम्मी, मार्च २०१९ अखेर तीन चतुर्थांश आणि जून २०१९ अखेर सर्व. हे चार वर्षे उशिरा झाले, ही गोष्ट खरी. पण त्याची रीत अनुकरणीय आहे. सगळे एकदम करण्याचा अट्टहास त्यात नाही आणि कधीतरी करू असा मोघमपणाही नाही. खर्च टप्प्यांत विभागला जातो आणि पहिल्या टप्प्यातील चुका दुसऱ्या टप्प्यापूर्वी कळतात. १९ जुलै २०२४ च्या गोंधळानंतर ‘क्राउडस्ट्राइक’ने स्वीकारलेली सुधारणाही याच जातीची होती. आधी थोड्या यंत्रांना, मग उरलेल्यांना.

या अनुभवांचा निष्कर्ष मोठ्या यंत्रणेची वाट न पाहता कोणत्याही संस्थेला अमलात आणता येण्यासारखा आहे. आपल्याकडे कोणती यंत्रे आहेत, त्यांवर काय चालते आणि ती बाहेरच्या जाळ्याला जोडलेली आहेत की नाहीत, याची यादी प्रथम हवी. ज्याची यादी नाही त्याची निगाही नाही. मग त्यांची प्रतवारी हवी. ज्यांच्या बिघाडाने परक्याचे नुकसान होते ती यंत्रे आधी आणि बाकीची सवडीने. महत्त्वाच्या माहितीची एक प्रत यंत्रापासून दूर, तुटक ठेवलेली असावी आणि ती उघडते की नाही हे अधूनमधून पाहिलेले असावे. दुरुस्ती बसवल्यावर बिनसलेच तर मागे फिरण्याची वाट त्यामुळेच उरते. आणि शेवटची, सर्वांत स्वस्त व सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे, दुरुस्ती पुढे ढकलण्याचा निर्णय लेखी असावा. कोणते काम, कोणत्या कारणासाठी, कोणत्या तारखेपर्यंत पुढे ढकलले आणि कोणाच्या सहीने, एवढ्या चार ओळी. त्यासाठी एक पैसाही खर्च नाही. पण त्या चार ओळींनी देखभालीचे कर्ज प्रथमच वहीत येते, त्याला धनको आणि ऋणको मिळतात आणि मुदत मिळते.

आज निर्णय घेतले जात नाहीत असे नाही. ते न घेतल्यासारखे दाखवून घेतले जातात. ठिगळ बसवण्याची आज्ञा देणाऱ्याचे नाव नोंदले जाते, ते न बसवणाऱ्याचे नोंदले जात नाही. म्हणून काही करणे धोक्याचे आणि काही न करणे बिनधोक, असा समज कचेऱ्यांच्या हाडीमासी खिळला आहे. बसवताना यंत्र बंद पडले तर तंत्रज्ञाला जाब विचारला जातो. न बसवल्यामुळे दोन वर्षांनी सगळी नोंद नाहीशी झाली तर तो दैवाचा खेळ ठरतो. कृतीला दंड आणि निष्क्रियतेला अभय, अशी ही व्यवस्था आहे. तिच्यात चांगला कारकूनही हळूहळू ‘चालते आहे ते चालू द्या’ हेच शिकतो, आणि तो शिकला याचा दोष त्याचा नाही.

काही वर्षांनी ‘विंडोज १०’ची जागा दुसऱ्या एखाद्या नावाने घेतलेली असेल आणि तीच तारीख पुन्हा येईल. त्या दिवशीही दुसरे दिवशी सकाळी काहीच घडणार नाही. प्रश्न एवढाच राहील, की त्या शांत सकाळी टेबलावर पुढे ढकललेल्या कामांची सहीनिशी यादी असेल, की नेहमीप्रमाणे शिल्लक रकमेचे समाधान. त्या शिलकेवर ज्यांचे देणे आहे ते विद्यार्थी, रुग्ण आणि निवृत्त शिक्षक त्या टेबलापाशी कधी बसलेले नसतात. त्यांच्या वतीने एक रकाना तरी त्या वहीत असला पाहिजे.